नऊ इंचाचं तोंड

बाळाक्काच्या निर्धूर चुलीच्या मागच्या भोकात कोंबडी बसली होती. नुसती बसली नव्हती, अंड्यांवर बसली होती. गलगले भाऊसाहेबांनी वाकून आत डोकावताच तिनं त्यांच्या चष्म्यावर टपकन चोच मारली.

“अगं आई गं!” भाऊसाहेब मागे सरकले ते थेट बाळाक्काच्या घागरीवर जाऊन बसले. “हे काय आहे?”

“कोंबडी हाय,” बाळाक्का म्हणाली.

“ते दिसतंय मला! चुलीत कशाला बसवलीस?”

“ऊब असती नव्हं. मधली वाट मातीनं बुजवली, म्हंजे पिसं करपत न्हाईत. तेरा अंडी हाईत. सोमवारी फुटत्याल.”

“अगं, उद्या दिल्लीचे साहेब येणार आहेत चूल बघायला!”

“मग त्यास्नी म्हणावं, सोमवारी या.”

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. हसले असते तर भाऊसाहेबांनी मलाच धरलं असतं.

गलगले आमच्या हुंबेवाडीचे ग्रामसेवक. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. वरून कागद आला की तो आधी देवापुढं ठेवायचे, आणि त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, वरून कागदच कागद येत होते. एकतीस मार्चच्या आत गावात साठ निर्धूर चुली पेटत्या दाखवायच्या, असा हुकूम होता. साठही चुली मी बांधल्या होत्या. मी सगुणा, कुंभाराची सून. तालुक्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, लोखंडी साचा आणि छापील दाखला घेऊन आलेली. दिल्लीच्या साहेबांनी मान हलवली की हुंबेवाडी ‘निर्धूर गाव’ होणार होतं आणि मी तालुक्याची प्रशिक्षिका. तीही पगारी.

ती नेमणुकीची ऑर्डर मला पाहिजेच होती. गावात प्लास्टिकच्या घागरी आल्या आणि आमचं चाक बसलं. माठ उन्हाळ्यात दोन महिने खपायचे, बाकी दहा महिने माती आणि आम्ही एकमेकांकडं बघत बसायचो. पाडवा झाला की आमचे मालक इचलकरंजीला मागावर जाणार होते, जागासुद्धा ठरली होती. माझी ऑर्डर आली तर जाणार नव्हते. लोक म्हणत, पोटासाठी जावं लागतं. लागतं ना, कोण नाही म्हणतं? पण मी सव्वीस वर्षांची होते आणि मला माझा नवरा घरात पाहिजे होता. त्यात लाजायचं काय?

या चुलींचं मूळ म्हणजे भाऊसाहेबांचं देवळातलं भाषण. सगळ्या बायकांना बोलावून, घाम पुसत पुसत ते म्हणाले होते, “भगिनींनो, आपल्या देशात तेल नाही. जे थोडं आहे ते पुरत नाही. बाहेरच्या देशांतून आणतो, ते सांगतील तो भाव देतो. कोळसा आहे, पण त्यात निम्मी राख. मग उरलं काय? लाकूड! आणि त्याचीही जंगलं संपत आली. हे सगळं लाकूड जातं कुठं? तुमच्या चुलीत!”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जणू सगळ्यांच्या पदराखाली चोरीचा माल सापडला होता.

आमच्या सासूबाई, आत्ती, सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. साठ वर्षं धूर खाऊन डोळे पांढुरके झालेले, पण तोंड शाबूत. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, मग दिल्लीवाल्यांच्या मोटारी काय शेणीवर पळत्यात व्हय?”

देवळातली घंटा वाजावी तसा हशा झाला. भाऊसाहेब म्हणाले, “आजी, हा राष्ट्रीय प्रश्न आहे.”

“असंल की. पर राष्ट्राला आमीच बऱ्या सापडलो.”

तरी चुली झाल्या. फुकट मिळते तर कोण नको म्हणणार? दोन भोकांची मातीची बंद चूल, पुढं सहा इंचांचं तोंड, मागून सिमेंटचा पाइप छपराबाहेर. साच्याबाहेर जायचं नाही, अशी प्रशिक्षणात ताकीद. मी गेले नाही. फक्त एक गोष्ट माझी होती, आणि तीही सवयीनं. आमच्यात भांडं चाकावरून उतरवलं की काठाला शेवटी एकदा अंगठा टेकवतात. माझी आई म्हणायची, अंगठा न टेकवता सोडलेलं भांडं रुसतं आणि भाजायला आव्यात घातलं की तडकून बाहेर येतं. मी चुलीच्या ओठालाही तसाच अंगठा टेकवत गेले. माझ्या उजव्या अंगठ्याला लहानपणी दोऱ्यानं कापल्याची आडवी चीर आहे. ओल्या मातीत तीसुद्धा उठते.

अंगठ्याचं निघालंच आहे तर हेही सांगते. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हजेरीपत्रक आलं, तेव्हा भाऊसाहेबांनी खिशातून शाईचं पॅड काढून माझ्यापुढं सरकवलं. ते पॅड त्यांच्या खिशात कायम असायचं, दुसऱ्या कुणाच्या खिशात तंबाखूची डबी असते तसं. मी म्हटलं, “भाऊसाहेब, मी चौथी पास आहे. पेन द्या.” आणि चांगली लांबलचक सही ठोकली. कागदावरची जागा संपली, तरी माझं आडनाव संपलं नव्हतं.

तर कोंबडी. कोंबडीला तिथंच ठेवून आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथं चुलीला पाइपच नव्हता. तो न्हाणीघराच्या मोरीला लावलेला होता आणि पाणी अगदी झोकात परसात जात होतं. त्याच्या पुढच्या घरी चूल सारवून, रांगोळी काढून, हळदकुंकू लावून ठेवलेली. आत राखेचा कण नाही.

“पेटवत का नाही हो?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“सरकारी वस्तू,” घरधनीण म्हणाली. “खराब झाली तर तुमीच वरडशीला.”

आणि उरलेल्या चुली, ज्या पेटत होत्या, स्वैपाक होत होता, त्या बघून भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्या चुलींची तोंडं फोडलेली होती. सहा इंचांचं तोंड ऐसपैस रुंद केलेलं, आणि पुढचा ओठ उतरता सारवलेला. एक नाही, दोन नाही, एक्केचाळीस चुली!

“सगुणाबाई, बघा हे! तुमच्या कामाची काय माती केली या बायकांनी!”

“मातीचंच काम ते, भाऊसाहेब,” मी म्हटलं. मग मात्र मी कंबरेला पदर खोचला आणि बायकांना अशी झाडली की विचारू नका. “काय गं, लाज न्हाई वाटत? सरकारनं इतक्या मायेनं दिलेल्या चुलीचं तोंड फोडताय? कुणी शिकवलं गं तुम्हाला हे?”

बायकांनी पदर तोंडाला लावले. बाळाक्काचे तर खांदे गदगदत होते.

“जाऊ द्या,” भाऊसाहेब हळूच मला म्हणाले. “रडवू नका गरिबांना. आजच्या आज सगळी तोंडं परत सहा इंच करता येतील का?”

“ओली माती जाळाला धरली की तडकणार. साहेब वाकून बघताना तोंडावर खापरी उडाली तर?”

भाऊसाहेबांनी डोळे मिटून ग्रामदैवताचं नाव घेतलं. मग ठरलं की साहेबांना नुसतं पाटलांच्या घरी न्यायचं. पाटलीणबाईंची चूल साच्याबरहुकूम होती, कारण त्यांच्याकडं गॅस आला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता जीप आली. सेनगुप्ता साहेब म्हणजे वाळकेसे, पन्नाशीपुढचे, कापडी टोपी घातलेले गृहस्थ. खांद्याला झोळी, झोळीत टेप, वही आणि वजनाचा एक ताणकाटा. भाऊसाहेबांनी हार घातला. साहेबांनी तो काढून जीपच्या आरशाला अडकवला आणि म्हणाले, “चलिए.”

“सर, पहले पाटील साब के घर चाय...”

“चाय बाद में.” साहेब गावाच्या छपरांकडं बघत उभे राहिले. मग बोट दाखवून म्हणाले, “वो धुआँ किसके घर से आ रहा है?”

निर्धूर गावात एकाच घराचा धूर, पाइपाकडची वाट बुजवलेली असल्यानं, थेट छपरातून भकाभका निघत होता. कुणाच्या, ते सांगायला नकोच.

बाळाक्का एकटीच राहायची. नवरा गेलेला, पोर नाही, कोंबड्या आणि चार हात जमीन एवढाच संसार. आम्ही आत शिरलो तेव्हा ती भाकरी थापत होती. भाऊसाहेबांनी चटकन पुढं होऊन चुलीच्या मागच्या भोकावर एक मडकं पालथं टाकलं.

साहेब उकिडवे बसले, चुलीकडं बघायला लागले. मडकं म्हणालं, “कॉक.”

साहेबांनी भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेबांनी छताकडं पाहिलं. मडकं परत म्हणालं, “कॉक, कॉक.” साहेबांनी ते उचललं. कोंबडीनं त्यांच्या टोपीवर चोच मारली.

“ये भी स्कीम में है?”

“नहीं सर,” भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले. “ये... प्रयोग चल रहा है.”

साहेबांनी मडकं जागच्या जागी ठेवलं. मग वर बघून विचारलं, एवढा धूर घरात कशाला ठेवलाय? बाळाक्कानं बोट वर केलं. चुलीच्या वर आढ्याला मक्याची कणसं आणि भोपळ्याच्या बियांची गाठोडी टांगलेली होती. “बी हाय,” ती म्हणाली. “धूर न्हाई लागला तर किडं लागत्यात. मग पेरायचं काय, सरकारी कागद?” मी त्याचं जमेल तसं हिंदी केलं. कागद तेवढा गाळला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी टेप काढून चुलीच्या तोंडाला लावली. “नौ इंच.”

तिथून ते उठले ते शेजारच्या घरात. तिथं टेप लावली. नौ इंच. त्याच्या पुढं, नौ इंच. भाऊसाहेब मागून पळत होते, “सर, पाटील साब की चाय ठंडी...” साहेब ऐकायलाच तयार नाहीत. अकरा घरं झाली. मग परत येऊन ते बाळाक्काच्या अंगणात दगडावर बसले. तोवर निम्मं गाव गोळा झालं होतं. आमचे मालक गर्दीच्या मागं उभे होते, हाताची घडी घालून.

“किसने तोड़ा?” साहेबांनी विचारलं.

“सर, अनपढ़ औरतें हैं,” भाऊसाहेब म्हणाले. “मुसळ घेऊन फोडलं असणार. समझती नहीं.”

साहेबांनी मान हलवली. अकरा बायकांनी मुसळानं फोडलं तर अकरा तऱ्हेची भगदाडं पडतील, असं ते म्हणाले. इथं एका मापाचं, एका उताराचं काम आहे, एकाच हाताचं. आणि मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रत्येक चुलीच्या नव्या ओठावर उजवीकडं अंगठ्याचा खळगा आहे, आणि त्यात एक बारीक आडवी रेघ.

मी हात पदराखाली घेतला.

भाऊसाहेबांना एकदम हुरूप आला. आयुष्यात पहिल्यांदाच खिशातलं पॅड खऱ्या कामाला येणार होतं. “सर, अभी पकड़ते हैं! गावातल्या एकूण एक बाईचा अंगठा घेतो!” त्यांनी पॅड उघडलं, वहीचा कोरा कागद मांडीवर घेतला आणि सुरुवात बाळाक्कापासून केली. “इकडं ये. तुझ्याच घरात धूर, तुझ्याच चुलीत कोंबडी. आधी सांग, हे कुणाचं काम? नाहीतर तुझं रॉकेलचं कार्ड आज रद्द झालंच म्हणून समज.”

महिन्याला चार लिटर रॉकेल. तेवढ्यावर तिच्या घरात दिवा लागायचा. ते कार्ड गेलं की संध्याकाळपासून ती आणि कोंबड्या सारख्याच.

बाळाक्काला सगळं माहीत होतं. सगळ्या बायकांना माहीत होतं. पण तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पीठ लागलेला हात पदराला पुसला, अंगठा पुढं केला आणि म्हणाली, “घ्या. काय करायचं ते करा.”

माझ्या डोळ्यांपुढं ती ऑर्डर आली. ‘श्रीमती सगुणा’ असं टाइप केलेली. त्यामागं मालक दिसले, इचलकरंजीच्या गाडीत पिशवी घेऊन चढताना. खोटं कशाला सांगू, बाळाक्काचा अंगठा शाईत टेकला तोवर गप्प बसले. मग मलाच माझी किळस आली.

“भाऊसाहेब, पॅड मिटवा,” मी म्हटलं. “तोंडं मी फोडलीत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.”

भाऊसाहेबांचं तोंडही त्या वेळी साधारण नऊ इंच उघडलं होतं.

“काल तू त्यांना शिव्या देत होतीस!”

“मग काय तुमच्यापुढं टाळ्या वाजवायच्या होत्या?”

कुणीतरी फिसकन हसलं. आत्तीच असणार. साहेबांनी हात वर केला आणि मला विचारलं, “क्यों?”

माझं हिंदी म्हणजे रेडिओवर ऐकलेलं. तरी म्हटलं, “साब, आप लोग दिल्ली में क्या खाते?”

“मैं बंगाली हूँ. चावल.”

“वोही तो! चूल बनानेवाला भी चावलवाला होगा.” मग मला हिंदी पुरेना. मी बाळाक्काच्या परातीतला गोळा उचलला आणि आत जाऊन चुलीपुढं बसले. साहेब मागोमाग आले. मी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग तवा उतरवून ती भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी केली. आमच्याकडं याला आराला लावणं म्हणतात. भाकरी हळूहळू टम्म फुगली, वरचा पापुद्रा सुटला. साहेब पोरासारखे बघत होते.

“अब पाटील के घर चलो,” मी म्हटलं.

पाटलांच्या बिनवापराच्या चुलीत जाळ केला. तिथं भाकरी भाजली आणि तोंडाशी उभी करायला गेले. आत जाईना. साहेबांना म्हटलं, “टेप लावा.” त्यांनी भाकरीला टेप लावली. आठ इंच. चुलीचं तोंड सहा इंच.

एवढंच होतं ते. अख्ख्या देशाचं इंधन वाचवायला बसलेल्या लोकांनी चूल मोजली होती, लाकूड मोजलं होतं, धूर मोजला होता. भाकरी कुणी मोजली नव्हती. मग बायका काय करायच्या? पुढं निर्धूर चूल ठेवायच्या आणि मागं तीन दगडांवर भाकऱ्या करायच्या. म्हणजे लाकूड दुप्पट! तीन महिने मी ते बघत होते. शेवटी एका दुपारी खुरपं घेऊन आमच्याच चुलीचं तोंड मोठं केलं. आठ इंच भाकरीला आणि एक इंच बाईच्या बोटांना. आत्तींनी त्यावर भाकरी केली, खाल्ली आणि म्हणाल्या, “आता ही चूल झाली. पयलं त्ये बीळ व्हतं.” मग बाळाक्का आली, तिची शेजारीण आली. रोज दुपारी, पुरुष शेतात गेले की, एक घर.

मग साहेबांनी तीन चुलींची परीक्षाच घेतली. पाटलांची सहा इंची, आमच्या घरची नऊ इंची आणि पाटलांच्या परसात मांडलेले तीन दगड. लाकूड ताणकाट्याला लावून मोजलं, दहा-दहा भाकऱ्या करायला लावल्या. सहा इंचीवर भाकऱ्या कच्च्या राहिल्या. तीन दगडांनी सगळ्यात जास्त लाकूड खाल्लं. माझ्या चुलीनं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. साहेबांनी दोन भाकऱ्या ठेच्याबरोबर खाल्ल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भाऊसाहेब म्हणाले, “देखिए सर, धुएँ के बिना भी!”

जाताना साहेबांनी माझ्याकडं चुलीच्या ओठाचा तुकडा मागितला. मी आमच्या चुलीचा, उजवीकडचा, खुरप्यानं अलगद कापून दिला. त्यांनी तो वर्तमानपत्रात तान्ह्या पोरासारखा गुंडाळला, झोळीत ठेवला. “बहुत अच्छा काम,” म्हणाले.

मी घरी येऊन मालकांना म्हटलं, “पिशवी भरू नका.”

पाडव्याच्या आदल्या दिवशी कागद आला. दिल्लीचा नव्हे, आपल्या तालुक्याच्या कचेरीचाच. ‘मान्य नमुन्यात अनधिकृत फेरफार केल्याने आपले नाव प्रशिक्षिकांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.’ टाइप छान होतं. ‘श्रीमती सगुणा’ असंच लिहिलेलं. बाळाक्काचं कार्ड तेवढं राहिलं, आणि सोमवारी तिची तेरातली अकरा पिल्लं निघाली होती.

पाडव्याची पोळी खाऊन मालक दुसऱ्या दिवशी गेले. मी चुलीपुढं बसून रडले. आत्ती विचारायला आल्या तेव्हा म्हटलं, “काही नाही, धुरानं डोळे चुरचुरतायत.”

“तुजी चूल बिनधुराची हाय की गं,” आत्ती म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तिथंच बसून राहिल्या.

दोन वर्षं गेली. मालक सणाला यायचे, कानात मागाचा खडखडाट घेऊन. हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही त्यांना. जवळ बसून काही सांगावं तर ओरडून सांगावं लागायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं ते नसायचं.

मग एक दिवस भाऊसाहेब लुनावरून आले. “सगुणाबाई, नवीन चूल आली आहे. सुधारित नमुना. दहा दिवसांचं प्रशिक्षण. जुनं सगळं विसरा, तुमचं नाव मी घातलंय.” भाऊसाहेबांना त्या कागदाचं वाईट वाटलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी गेले.

तालुक्याच्या त्या हॉलमध्ये आम्ही तीसेक बायका. शिकवायला एक तरणा पोरगा, इस्त्रीची पँट, हातात काठी. टेबलावर चादरीखाली काहीतरी झाकलेलं. त्यानं चादर ओढली. खाली सिमेंटची चूल होती, नमुन्यासाठी बनवलेली.

तोंड रुंद. ओठ उतरता.

“हे नऊ इंचांचं तोंड,” तो काठीनं दाखवत म्हणाला. “मोठ्या संशोधनानंतर ठरवलेलं आहे. यात भाकरी शेकता येते. माप बदलायचं नाही. आणि हे बघा,” काठी ओठाच्या उजव्या टोकाला टेकली, “इथं एक खड्डा आहे. तो विसरायचा नाही.”

“खड्डा कशासाठी, सर?” पुढच्या एका बाईनं विचारलं.

“शास्त्रीय आहे. हवा खेळण्यासाठी.”

बायका वाकून बघायला लागल्या. कुणी म्हणाली चमच्यानं पाडता येईल, कुणी म्हणाली सुपारीनं. मी सगळ्यांत शेवटी गेले. सिमेंटच्या त्या खळग्यात बारीक आडवी रेघ होती. मी उजवा अंगठा टेकवला. तो आत जाऊन असा बसला, की काढायला जीव होईना.

“हात लावू नका,” पोरगा म्हणाला. “नमुना आहे.”

मी अंगठा काढून घेतला. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. भाऊसाहेब कोपऱ्यात हजेरीपत्रक घेऊन बसले होते. माझा नंबर आला, तेव्हा त्यांनी आपणहून पेन पुढं केलं.

“पेन नको,” मी म्हटलं. “पॅड द्या.”

“अहो, तुम्हाला तर सही येते. चौथी पास ना तुम्ही?”

“येते की. पण आज अंगठा घ्या.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग टेबलावरच्या चुलीकडं पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी खिशातून पॅड काढलं, उघडलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

मी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर चांगला दाबून उठवला, चिरेसकट. दहाही दिवस तसाच उठवला.